पाहुण्याला शाल नको, व्हाइस द्या

सायकलीची फ्रेम हाताने बांधणारा परदेशातला एखादा कारागीर तुमच्या शहरात येणार असेल आणि त्याला उतरवून घेण्याची जबाबदारी तुमच्या सायकल ग्रुपने घेतली असेल, तर कार्यक्रमपत्रिका छापायला टाकण्याआधी हे वाचा.

आपली पद्धत ठरलेली असते. पहिल्या दिवशी विमानतळावर हार. दुसऱ्या दिवशी हॉल, दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, फेटा आणि उशिरा येऊन लवकर जाणारे प्रमुख पाहुणे. तिसऱ्या दिवशी एखादा किल्ला नाहीतर वाडा. चौथ्या दिवशी पुन्हा कुणाच्या तरी संस्थेत तेच भाषण, त्याच फोटोंसह. पाचव्या दिवशी बिचारा परत जातो. सगळे पाच दिवस माणूस आपल्याकडे असतो, पण एकदाही त्याच्या हातात कानस येत नाही. तो ज्यासाठी ओळखला जातो ते काम पाहिलेला एकही माणूस मागे राहत नाही. मागे राहतात ते फोटो.

माझं म्हणणं सरळ आहे. त्याच्या मुक्कामाचे निम्मे दिवस वर्कशॉपमध्ये गेले पाहिजेत आणि ते दिवस आपल्याकडच्या हाताने काम करणाऱ्या लोकांसाठी राखून ठेवले पाहिजेत. बाकीची सगळी व्यवस्था त्याभोवती बसवा.

हा माणूस नेमकं काय करतो, हे आधी घरच्यांना आणि वर्गणी देणाऱ्यांना समजावून सांगावं लागेल, कारण ‘सायकल बनवतो’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दुकान येतं. दुकानातली सायकल ठरलेल्या पाच-सहा मापांत येते आणि आपण त्यातलं जवळचं माप उचलतो. फ्रेम बांधणारा आधी तुमचं माप घेतो, तुम्ही कुठे आणि किती चालवता ते विचारतो, मग नळ्यांची लांबी आणि त्यांच्यातले कोन ठरवतो. नळ्यांची टोकं कानशीने घासून एकमेकींवर बसवतो, त्या जिगमध्ये, म्हणजे पक्क्या धरून ठेवणाऱ्या चौकटीत, बसवतो आणि सांधे पितळेने नाहीतर चांदीच्या मिश्रधातूने झाळतो. काही कारागीर टिग वेल्डिंग करतात. रंग सोडून एका फ्रेमला तीस-चाळीस तास सहज जातात.

ज्यांच्या घरी जुनी दांडीची काळी सायकल अजून उभी असेल त्यांनी तिचा हँडलाखालचा सांधा जवळून पाहावा. नळ्यांच्या टोकांवर जी लोखंडी बाही दिसते तिला लग म्हणतात. नळी लगमध्ये घालून आत पितळ वितळवायचं, ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. नामवंत कारागीर आजही त्याच रीतीने फ्रेम बांधतात, फक्त त्यांचे लग कानशीने घासून पातळ आणि नक्षीदार केलेले असतात आणि नळी निराळी असते. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्‌स कंपनीने 1897 साली टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचं पेटंट घेतलं. सांध्यावर ताण जास्त म्हणून तिथे धातू जास्त, मध्ये गरज नाही म्हणून कमी. चांगल्या फ्रेमची नळी टोकाला 0.9 मिलिमीटर आणि मध्ये 0.6 मिलिमीटर एवढीच जाड असू शकते. याच कंपनीची 531 नावाची नळी 1935 साली आली आणि पुढची कित्येक दशकं शर्यतीच्या सायकलींची ओळख होऊन बसली. रेनॉल्ड्‌स ज्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्‌स या ब्रिटिश समूहात गेली, त्याच समूहाने 1949 साली मद्रासच्या मुरुगप्पा घराण्याबरोबर भागीदारी करून आपल्याकडे सायकलींचा कारखाना काढला. हर्क्युलिस आणि बी.एस.ए. ही नावं महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचली ती त्यातून. म्हणजे पाहुण्याच्या धंद्याशी आपलं नातं वाटतं तितकं लांबचं नाही.

आता वर्कशॉपचा हट्ट कशासाठी, ते सांगतो. हा धंदा आजवर एका देशातून दुसऱ्या देशात गेला तो पाहुण्यांमार्फतच. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हाताने फ्रेम बांधणारे फार थोडे होते. रिचर्ड सॅक्स नावाच्या तरुणाने इंग्लंडमधल्या अनेक कारागिरांना पत्रं लिहिली, शिकवा म्हणून. होकार आला तो लंडनच्या डेटफर्ड भागातल्या विटकॉम्ब यांच्या दुकानाचा. तिथे तो उमेदवारी करून आला. पीटर वाइगल आणि बेन सरोटा हे आणखी दोन अमेरिकन तरुणही त्याच काळात त्याच दुकानात शिकले. हे तिघेही पुढे अमेरिकन फ्रेमबांधणीतली मोठी नावं झाले. जपानचे योशिआकी नागासावा इटलीत राहिले, मिलानमध्ये पोलियागी आणि नंतर उगो दे रोसा यांच्या हाताखाली काम केलं आणि परतल्यावर ओसाकाजवळ स्वतःचं वर्कशॉप काढलं. कोइची नाकानो या जपानी सायकलपटूने 1977 ते 1986 अशी सलग दहा वर्षं व्यावसायिक स्प्रिंटचं जागतिक विजेतेपद जिंकलं, ते नागासावांनी बांधलेल्या फ्रेमवर. उलट्या दिशेचंही उदाहरण आहे. मिलानचे फालिएरो मासी 1973 साली कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबाडला गेले, बरोबर आपली माणसं घेऊन. तिथल्या त्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्या तरुणांनी पुढे स्वतःच्या नावाने फ्रेम बांधल्या.

यातल्या कुठल्याही ठिकाणी भाषणाने काही झालं नाही. कुणीतरी कुणाच्या तरी शेजारी उभं राहून ज्योत किती ठेवायची ते पाहिलं.

तुमचा पाहुणा दोन वर्षं राहणार नाही, आठवडाभर राहील. आठवड्यात कुणी कारागीर होत नाही हे मलाही कळतं. पण ज्याला मुळात गॅस वेल्डिंग येतं, ज्याला लेथ येतो, त्याला या कामातली चार अडचणीची ठिकाणं आठवड्यात नक्की कळतात, आणि अशी माणसं भोसरीत, कोल्हापूरच्या उद्यमनगरात, नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये कमी नाहीत. महाराष्ट्रात सायकल चालवणारे तयार झाले. नाशिकच्या महाजन बंधूंनी 2015 साली अमेरिका आरपार करणारी ‘रॅम’ शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. 2017 साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. चालवणाऱ्यांच्या मानाने बांधणारे मात्र आपल्याकडे अगदी मोजके आहेत.

तेव्हा पहिलं काम जागा शोधण्याचं. सोसायटीचं तळघरातलं पार्किंग हा विचार डोक्यातून काढून टाका, सेक्रेटरी तुमचा मेव्हणा असला तरी. ऑक्सिजन आणि डी.ए.चे (अ‍ॅसिटिलीनचे) सिलिंडर बंद तळघरात नेणं धोक्याचं आहे. एखादं चालू फॅब्रिकेशन वर्कशॉप दोन-तीन दिवसांसाठी मागा. बहुतेक मालक आनंदाने देतात, फक्त त्यांच्या कामाचा खोळंबा होईल त्याचे पैसे आधी बोला. जमिनीला पक्कं बसवलेलं टेबल हवं, त्यावर हलणार नाही असा मोठा व्हाइस हवा, भरपूर उजेड हवा आणि वारा खेळता हवा. हा वारा सोयीसाठी नाही. झाळताना वापरतात त्या फ्लक्समध्ये फ्लोराइड असतं, त्याचा धूर नाकात जाता कामा नये. चांदीची कांडी विकत घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा की कॅडमिअम आहे का. कॅडमिअमची कांडी आपल्या बाजारात मिळते, ती स्वस्त पडते आणि सुरेख वाहते, म्हणून वेल्डरला आवडते. तिचा धूर मात्र विषारी आहे. बिनकॅडमिअमचीच घ्या, पावतीवर तसं लिहून घ्या.

सिलिंडर विमानातून येत नाहीत, ते इथूनच भाड्याने घ्यावे लागतील. रेग्युलेटरही इथलेच घ्या, कारण सिलिंडरच्या तोंडाचे आटे देशागणिक बदलतात आणि पाहुण्याने प्रेमाने आणलेला रेग्युलेटर आपल्या सिलिंडरवर बसेलच असं नाही. गॅसच्या नळ्यांचे रंगही सगळीकडे सारखे नसतात. अमेरिकेत ऑक्सिजनची नळी हिरवी असते, आपल्याकडे निळी. तेव्हा काम सुरू होण्याआधी इथल्या वेल्डरने आणि पाहुण्याने मिळून सगळी जोडणी एकदा तपासावी. ऑक्सिजनच्या जोडाला तेल किंवा ग्रीस लागता कामा नये, तिथे आग लागू शकते. सायकलवाल्यांचे हात कायम ग्रीसने भरलेले असतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. सिलिंडर उभे आणि साखळीने बांधलेले हवेत. पाहुणा अमेरिकेतून येत असेल तर त्याची विजेवर चालणारी हत्यारं 110 व्होल्टची असतील. ट्रान्सफॉर्मर आधी आणून ठेवा, नाहीतर पहिल्याच बटणाला धूर निघेल. बघायला येणाऱ्यांनी सुती कपडे घालावेत, ओढण्या-पदर खोचून घ्यावेत आणि दोन पावलं मागे उभं राहावं. टिग वेल्डिंग होणार असेल तर मध्ये पडदा लागेल, उघड्या डोळ्यांनी कुणी पाहू नये. हे सगळं पाहुण्याला माहीत असतं, पण गर्दी आवरणं हे त्याचं काम नाही, तुमचं आहे.

पूर्ण फ्रेम बांधून दाखवा असा आग्रह धरू नका. दोन दिवसांत घाईने बांधलेल्या फ्रेममधून कुणी काही शिकत नाही आणि त्यावर बसायला तोही कुणाला सांगणार नाही. त्यापेक्षा त्याने एकच सांधा करावा, आणि मग इथल्या दोन-तीन वेल्डरांनी तोच सांधा त्याच्यासमोर करावा. नंतर सगळे सांधे हॅक्सॉने उभे कापायचे. आत पितळ सगळीकडे पोचलंय की मध्येच पोकळी राहिलीय, हे कापल्यावर लपत नाही. बाहेरून चकचकीत दिसणारा सांधा आतून अर्धा कोरडा निघाला की वेल्डरचा चेहरा पाहण्यासारखा होतो, आणि त्या एका क्षणात तो जेवढं शिकतो तेवढं दहा स्लाइडमधून शिकत नाही. आपल्या वेल्डरला जाड पाइपची सवय, म्हणून ज्योत मोठी. इथे 0.9 मिलिमीटरची भिंत. नळी गरजेपेक्षा जास्त तापली की तिचा जीव गेला. रेनॉल्ड्‌सने 1970च्या दशकात 753 नावाची आणखी पातळ नळी काढली तेव्हा ती कुणालाही विकत दिली नाही. कारागिराने आधी नमुन्याचा सांधा करून बर्मिंगहॅमला पाठवायचा, तो कंपनीने तपासून पास केला तरच नळ्या मिळायच्या. नाव कमावलेल्या कारागिरांनाही ही परीक्षा द्यावी लागली. तेव्हा आपल्या वेल्डरला पहिल्या दिवशी जमलं नाही तर त्यात कमीपणा काही नाही.

ज्यांना झाळकाम करायचं नाही त्यांच्यासाठीही पाहुण्याकडून शिकण्यासारखं खूप आहे. एक साधी तपासणी इथेच सांगून ठेवतो. सायकलचं मागचं चाक काढा. मागच्या एक्सलच्या खाचेपासून सुतळी निघू द्या, ती पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणून आणा. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं सुतळीचं अंतर मोजा. सारखं आलं तर फ्रेम सरळ, फरक आला तर वाकडी. पाच रुपयांच्या सुतळीने पन्नास हजारांची सायकल तपासता येते, आणि काही मालकांचा त्या दिवशीचा मूड जातो.

आता बोलवायचं कुणाला? ग्रुपमधले सभासद येतीलच, त्यांना थांबवताही येणार नाही. पण पहिल्या ओळीत तुमच्या भागातले सायकलवाले काका बसले पाहिजेत, ज्यांनी आयुष्यभर चाकांचे आऊट काढले, वाकलेले चिमटे सरळ केले, तुटलेल्या फ्रेमला पितळेचा डाग दिला. त्यांच्या शेजारी गॅस वेल्डर, टूलरूममधला फिटर, आणि जवळच्या आयटीआयमधली वेल्डर व फिटर ट्रेडची मुलं त्यांच्या निदेशकांसह. मुली असतील तर त्यांना मुद्दाम पुढे बोलवा. या लोकांची त्या दिवसाची मजुरी बुडते. दुकान बंद ठेवून ते ‘ज्ञान घ्यायला’ येतील अशी अपेक्षा पगारी माणसालाच सुचते. त्यांची मजुरी कार्यक्रमाच्या खर्चात धरा. हॉलचं भाडं आणि फेटे यांचे पैसे वाचले की ती सहज निघते.

दुभाष्या लागेल. इथेही आपण चूक करतो, ग्रुपमधला सर्वांत फर्डं इंग्रजी बोलणारा माणूस उभा करतो. त्याला कानशीचे प्रकार माहीत नसतात. मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा, पण शॉपफ्लोअरवर काम केलेला इंजिनिअर किंवा फिटर जास्त उपयोगी पडतो. खरं तर दोन कारागीर समोरासमोर आले की अर्ध्या तासाने दुभाष्याची गरज संपते. एकाने नळी हातात धरून भुवया उंचावल्या की दुसऱ्याला कळतं. त्यांना वाद घालू द्या. आमचे काका सांगतील की बाबा रे, तू दाखवतोस तो लग सुंदर आहे, पण ज्या सायकलवर रोज दोन दुधाच्या किटल्या लटकतात तिला हा चालेल का? हा प्रश्न उद्धट नाही, उत्तम आहे. पाहुण्याला ‘मास्टर’ म्हणून देव्हाऱ्यात बसवलं की असे प्रश्न कुणी विचारत नाही.

मग येतो ऑर्डरींचा विषय. पाहुणा आलाय, इतकं करतोय, तर दोन-चार फ्रेम नोंदवायलाच हव्यात, असा एक संकोच ग्रुपमध्ये तयार होतो. या संकोचापायी कुणी फ्रेम नोंदवू नये. परदेशी कारागिराची फ्रेम म्हणजे रुपयांत लाखांच्या घरातली गोष्ट, वर चाकं-गिअर वेगळे, आणि नावाजलेल्याकडे थांबावंही बरंच लागतं. तुमची उंची सर्वसाधारण असेल, दुकानातली सायकल अंगाला बसत असेल आणि दुखतखुपत काही नसेल, तर तुम्हाला या फ्रेमची गरज नाही. फार तर हँडलचा स्टेम बदला, सीट नीट लावून घ्या. हौस असेल आणि पैसे असतील तर जरूर घ्या, पण ती हौस आहे हे स्वतःशी कबूल करा.

गरज खरी कुणाला? पाच फूट किंवा त्याहून कमी उंचीच्या व्यक्तीला, म्हणजे आपल्याकडच्या असंख्य स्त्रियांना. कंपन्या मोठ्या सायकलचीच लहान आवृत्ती काढतात आणि चाक तेच 700सी ठेवतात. मग सावकाश वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं, आणि हँडल इतकं लांब पडतं की मान आणि खांदे धरतात. बायका समजतात आपल्यालाच सायकल जमत नाही. दोष फ्रेमचा असतो. 700सी रिमचा व्यास 622 मिलिमीटर असतो आणि 650बीचा 584. फ्रेम लहान चाकाभोवती बांधली की हा सगळा त्रास संपतो, आणि हे फ्रेम बांधणाऱ्याला नुसतं पाहून कळतं. त्याच्या मुक्कामात अशा उंचीच्या महिला सायकलपटूंसाठी एक पूर्ण सकाळ वेगळी ठेवा. त्या दिवशी एकीनेही ऑर्डर दिली नाही तरी चालेल. आपल्या सायकलचं काय चुकतंय ते कळून त्या घरी जातील. दुसरी गरज फार उंच माणसाला, एक पाय आखूड असलेल्याला, पाठीचं ऑपरेशन झालेल्याला. तिसरी ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत लांब पल्ला गाठायच्या सायकलफेऱ्या, करणाऱ्यांना. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 600ला 40 तास असल्या मुदतीत सायकलवर बसून राहणाऱ्याला एक सेंटिमीटरचा फरक पहाटेपर्यंत रडवतो. दर चार वर्षांनी होणाऱ्या 1200 किलोमीटरच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला तर 90 तास मिळतात.

मापाला जाताना आपली रोजची सायकल घेऊन जा, आहे तशी, धुऊन-पुसून नव्हे. कुठे झिजलीय, सीट किती वर आहे, हे त्याला बघू द्या. कुठे दुखतं ते खरं सांगा. पुरुषमंडळी इथे फार खोटं बोलतात, विशेषतः चारचौघांत. दर आठवड्याला किती चालवता या प्रश्नाला मनातला आकडा सांगू नका, खरा सांगा.

आणि त्याला आपले खरे रस्ते दाखवा. पाहुणा म्हटलं की आपण त्याला गुळगुळीत रस्त्यावरून नेतो, खड्ड्यांची लाज वाटते म्हणून. पण फ्रेम त्या खड्ड्यांसाठी बांधायची आहे. तुमचा ऑफिसचा रोजचा रस्ता, गतिरोधकांसकट. वरंधा किंवा ताम्हिणी घाटातला पावसाने खाल्लेला एखादा तुकडा. हे पाहिल्यावर तो स्वतःहून टायरला जास्त जागा ठेवील, मडगार्ड बसतील अशी सोय करील. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर तेही सांगा. खाऱ्या दमट हवेत स्टीलची नळी आतून गंजते, तिला आतून गंजरोधक फवारणी लागते आणि खाली पाणी निघून जायला भोक लागतं. बंगल्याच्या गॅलरीत बसून हे त्याला कळणार नाही. दिवस निवडताना नोव्हेंबर ते फेब्रुवारीच धरा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ज्योत पेटवायला लावणं याला पाहुणचार म्हणत नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, पण हलकं घेऊ नका. पैसे घेऊन कार्यशाळा होणार असेल किंवा तो इथे ऑर्डरी घेणार असेल तर टुरिस्ट व्हिसा चालत नाही. योग्य व्हिसा कोणता ते भारतीय दूतावासाकडून आधी विचारून घ्यायला सांगा आणि निमंत्रणाचं पत्र त्याप्रमाणे द्या. तो तुमच्या घरी उतरणार असेल तर आल्यापासून चोवीस तासांच्या आत त्याची नोंद परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे ऑनलाइन करणं यजमानावर बंधनकारक आहे. हॉटेलं ती करतात, आपण घरी विसरतो. हत्यारांची यादी, फोटो आणि किमती त्याने बरोबर आणाव्यात, आणि जिगसारखी जड वस्तू येणार असेल तर कस्टम्स एजंटाशी आधी बोलावं. ऑर्डर दिलीच तर फ्रेम नंतर कुरिअरने येईल. तिचं आयात शुल्क कुणी भरायचं, वाटेत डेंट आला तर काय, आगाऊ रक्कम परत मिळणार का, हे सगळं लिहून घ्या. मैत्रीत हे विचारायचं कसं, असं वाटतं. तोंडी ठरवलेल्या गोष्टीनेच मैत्री जाते.

मानधनाचं तर आधी ठरवा. राहणं, जेवण, प्रवास आणि कामाच्या दिवसांचा मोबदला. ‘त्याला भारत बघायला मिळतोय’ हा मोबदला होत नाही. त्याच्या फ्रेमची किंमत ऐकून ‘आमच्याकडे पाच हजारांत अख्खी सायकल येते’ हे वाक्य कुणीतरी म्हणणारच. ते म्हणणाऱ्याला चहा आणायला पाठवा.

घरी उतरवत असाल तर फार काही करावं लागत नाही. उकळलेलं किंवा बाटलीचं पाणी, पहिले दोन दिवस बेताचं तिखट आणि पुरी झोप. ‘आणखी एक पोळी’चा आग्रह दोनदा करून थांबा. सिंहगडावर पहाटे सायकलने न्या, वर पिठलं-भाकरी आणि दही खायला घाला, त्याला आवडेलच. पण संध्याकाळी त्याला एकटं सोडा. ही माणसं दिवसभर एकट्याने काम करणारी असतात, सतत माणसांत राहून थकतात. पाहुणा बाई असू शकते, हेही ग्रुपमधल्या काकांना आधी सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे ‘मिस्टर कुठे आहेत’ असं कुणी विचारणार नाही.

तो जाईल त्या दिवशी वर्कशॉपमध्ये काय उरतं, ते बघा. कापलेले सांधे फेकू नका, त्यांवर कुणी केले, कुठली कांडी वापरली ते लिहून आयटीआयला द्या. त्याच्याकडून हत्यारांची यादी घ्या, आणि जिगचं माप घेऊ देतो का ते विचारा. दिलं तर तो जिग उद्यमनगरात किंवा भोसरीत करून घेता येईल. तिथले टूलरूमवाले गाड्यांच्या सुट्या भागांसाठी याहून अवघड फिक्श्चर रोज करतात. ज्या एक-दोघांचा हात बसला असेल त्यांना ग्रुपने पहिली ऑर्डर द्यावी, मोडलेल्या स्टील फ्रेमच्या दुरुस्तीची का होईना. त्यांनी केलेल्या सांध्यांचे फोटो पाहुण्याला पाठवत राहा. तो उत्तरं देईल, कारागीर सहसा देतात.

पाहुण्याची तारीख ठरली असेल तर हॉलची चौकशी बाजूला ठेवा. आज संध्याकाळी आपल्या भागातल्या गॅस वेल्डरकडे आणि सायकलवाल्या काकांकडे जा, त्यांना तारीख सांगा, आणि त्या दिवसांची मजुरी किती ते विचारून वर्गणीच्या वहीत पहिल्या ओळीत लिहा.